चढाचा हिशेब उतारावर

माहूरच्या घाटरस्त्यावर माझ्यासोबत पळणारी पोरं बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी आहेत. नांदेड असो की लातूर, आपल्याकडचं पळणं बऱ्याचदा भरतीपासूनच सुरू होतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. त्या अंतराला सुरुवातीपासूनच अंग झोकून द्यावं लागतं आणि तीच सवय घेऊन ही पोरं रेणुकामातेच्या डोंगराचा चढ धरतात. पहिल्या वळणाला सगळी सुसाट. दोन वळणं गेली की हात कमरेवर.

ताकद त्यांच्यात भरपूर आहे. त्यांना फसवतं ते मनगटावरचं घड्याळ. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉनचा राष्ट्रीय विक्रम केला, १ तास ३० सेकंद. म्हणजे किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५२ सेकंद. दिल्लीच्या सपाट रस्त्यावर असा आकडा धरून पळता येतं. घाटात तो धरून ठेवणारा माणूस शंभर-दोनशे मीटरमध्येच संपतो. इटलीच्या अल्बर्टो मिनेत्ती यांनी २००२ मध्ये चढ-उतारावर पळायला लागणारी ऊर्जा मोजली. त्यांच्या सूत्राने दहा टक्के चढाला सपाटीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते आणि तेवढ्याच उताराला सुमारे चाळीस टक्के कमी. चढावर गेलेलं उतारावर पूर्ण परत मिळत नाही, ते असं.

म्हणून चढावर घड्याळ झाकायचं आणि दम ऐकायचा. मी पोरांना बोलायला लावतो. चार-पाच शब्दांचं वाक्य एका दमात निघालं तर चाल बरोबर. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. पाऊल आखूड, पण पावलांची लय सपाटीवरचीच. कमरेत वाकलं की छाती दाबली जाते, त्यामुळे घोट्यापासून सगळं अंग किंचित पुढे. नजर दहा-पंधरा पावलांवर. अगदी उभा चढ आला तर सरळ चालावं. भरभर चालणारा तिथे पळणाऱ्याच्या फारसा मागे पडत नाही आणि माथ्यावर त्याच्याकडे दम शिल्लक असतो. भरतीच्या पोरांना चालण्याची लाज वाटते. ती घालवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

खरी परीक्षा मात्र उतारावर असते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसतो आणि प्रत्येक पावलाला ब्रेकचं काम करतो. त्यात बारीक इजा होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. लांब ढांग टाकून टाच आपटली की हा मार वाढतो. पाऊल शरीराखालीच पडावं, गुडघा किंचित वाकलेला, हात थोडे बाजूला सैल, अंग मागे न रेललेलं. बॉस्टन मॅरेथॉनची सुरुवात हॉपकिंटनच्या उतारावर होते. तिथे हुरळून पळणाऱ्यांच्या मांड्या बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, ‘हार्टब्रेक हिल’वर, जबाब देतात.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये, २०१२ पासून चालत आलेल्या या २१ किलोमीटरच्या शर्यतीत, आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने शहरात परतायचं. माथ्यावर ज्याच्या मांड्या ताज्या, तो परतीत माणसं मागे टाकत येतो. आपल्याकडची पोरं चढाचा सराव कसाबसा करतात, उतार मात्र गप्पा मारत चालत उतरतात. एकदा उतार पळून दुखलेला स्नायू पुढचे काही आठवडे तसल्याच माराला कमी दुखतो. हा फायदा फुकट सोडू नये.

तेव्हा साताऱ्याला नाव नोंदवलेल्या नांदेडकरांनी माहूर गाठावं. लातूरकरांना ते लांब पडतं. त्यांनी औसा तालुक्यातली खरोशाच्या लेण्यांची टेकडी धरावी. ती लहान आहे, म्हणून पुन्हा पुन्हा चढावी आणि प्रत्येक वेळी पळतच उतरावी. आठवड्यातून एक दिवस पुरे. शर्यतीला दहा-बारा दिवस उरले की मात्र उतार बंद करा.