गप्पी टाक्यात ठीक, नाल्यात नको

पावसाळा सरत आला की गडचिरोलीत हिवतापाची धास्ती सुरू होते. राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार वर्षानुवर्षं या जिल्ह्यावर आहे आणि भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या जंगलपट्ट्यातल्या गावांना त्याची झळ सर्वाधिक बसते. फवारणी, मच्छरदाणी, रक्ततपासणी यांच्या जोडीला एक उपाय सगळ्यांच्या तोंडी आहे: गप्पी मासे सोडा. हेतू चांगलाच आहे. पण या बोटभर माशाबद्दल काही समज पक्के होऊन बसलेत आणि त्यांचा फटका आपल्या नाल्यांतल्या, त्याच्याएवढ्याच लहान माशांना बसतो. म्हणून ते एकदा नीट तपासायला हवेत.

गैरसमज: गप्पी हा इथलाच गावठी मासा आहे.

मुळात 'गप्पी' म्हणून आपण दोन वेगवेगळे मासे सोडतो. खरा गप्पी दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि त्रिनिदादसारख्या बेटांवरचा. त्याचा नर रंगीत शेपटीचा, जेमतेम इंचभर. मादी मोठी आणि फिकी. दुसरा गॅम्बुसिया, करडा आणि अंगाने जरा दणकट. तो उत्तर अमेरिकेचा. भारतात तो १९२८ मध्ये इटलीतून आणला गेला, तोही डासांसाठीच. दोन्ही मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. मादी नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवू शकते, म्हणजे एकटी गाभण मादी पाण्यात पडली तरी नवी वसाहत उभी राहायला तेवढं पुरतं.

गैरसमज: गप्पी फक्त डासांच्या अळ्या खातो.

अळ्या तो खातो, यात शंका नाही. वरच्या बाजूला वळलेलं त्याचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागावरचं खाणं टिपायलाच घडलेलं आहे. पण समोर जे येईल ते खाणारा हा मासा आहे: शेवाळ, बारीक जलकीटक, इतर माशांची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लंसुद्धा. गॅम्बुसिया तर भांडखोर. दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो, बेडकांची पिल्लं खातो. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या झऱ्यांमध्ये राहणारा 'रेड-फिन्ड ब्लू-आय' नावाचा चिमुकला मासा गॅम्बुसियामुळे नामशेष होण्याच्या काठावर आला. तिथेही गॅम्बुसिया डास मारण्यासाठीच नेला होता.

गैरसमज: नाल्यात गप्पी सोडले की गावातला हिवताप जाईल.

इथे जरा थांबून बघायला हवं, कारण खरी गफलत इथेच होते. हिवताप पसरवतो तो ॲनॉफिलीस डास. या पट्ट्यात त्याच्या दोन जाती महत्त्वाच्या. फ्लुव्हिॲटिलिसला संथ वाहणाऱ्या ओढ्याचा गवताळ काठ आणि झिरपणारं स्वच्छ पाणी लागतं. क्युलिसिफेसिसला नदीपात्रातली डबकी, पावसाच्या पाण्याचे खड्डे, धानाच्या बांध्या. पांढऱ्या वाटीत काठचं पाणी घेऊन पाहा. ॲनॉफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसते. गटारातल्या क्युलेक्सची अळी मात्र डोकं खाली करून तिरकी लटकते. आडवी पडलेली ती अळी गवताच्या काड्यांत, जनावरांच्या खुरांच्या खड्ड्यांत, वीतभर पाण्यातही वाढते आणि आठ-दहा दिवसांत तिचा डास होऊन उडून जातो. तिथवर मासा पोहोचतच नाही. वाहत्या धारेत तर गप्पीच टिकत नाही, पुढच्या पुरात खाली वाहून जातो.

जगभरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये पुन्हा आढावा घेतला. काही ठिकाणच्या पाण्यात अळ्या कमी झालेल्या दिसल्या. पण मासे सोडल्याने माणसांचा मलेरिया कमी होतो का, हे मोजणारा विश्वासार्ह अभ्यास एकही सापडला नाही. माझ्या मते गावाने मासा हा जोडउपाय मानावा आणि जोर द्यावा तो औषधी मच्छरदाणीवर, घरातल्या फवारणीवर आणि ताप आल्या दिवशीच आशाताईंकडून रक्त तपासून घेण्यावर.

गैरसमज: टाक्यातले मासे टाक्यातच राहतात.

पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात घडतं. अशा मुलखात बोडी, म्हणजे लहान तळं, भरून बांधीत उतरते, बांधीचं पाणी नाल्यात आणि नाल्याचं नदीत. पर्लकोटा इंद्रावतीला मिळते, इंद्रावती गोदावरीला. एका खड्ड्यात सोडलेला मासा किती लांब जाऊ शकतो, ते यावरून समजावं. म्हणून नियम साधा ठेवावा: सिमेंटची टाकी, कारंजं, वापरात नसलेली विहीर, म्हणजे जे पाणी पुरातही वाहत्या पाण्याला मिळत नाही, तिथेच गप्पी. तिथे तो खरंच उपयोगी आहे.

गैरसमज: नाल्यातले बारके मासे म्हणजे मोठ्या माशांची पिल्लं, त्यांचा उपयोग काय?

काही पिल्लं असतात, पण बरेचसे पूर्ण वाढलेलेच असतात. अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत काळी रेघ असलेला रास्बोरा, ज्याला काही भागांत दांडवण म्हणतात. शेपटीजवळ काळा ठिपका असलेली खवली. शांत पाण्यात डोक्यावरचा पांढरा ठिपका चमकवत फिरणारा पिकू. हे सगळे डासांच्या अळ्या खातात आणि त्यासाठी त्यांना कुणी सोडावं लागत नाही. ताटातही त्यांचं मोल मोठं आहे. बारका मासा डोक्या-काट्यासकट खाल्ला जातो, त्यामुळे कॅल्शियम मिळतं. बांगलादेशात अभ्यासलेल्या मोला या लहान माशात अ जीवनसत्त्व भरपूर आढळलं. कुपोषणाशी झगडणाऱ्या तालुक्यांत ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही.

गैरसमज: उन्हाळ्यात नाला आटला की मासे संपले.

नाला आटतो तेव्हा डोह उरतात. एप्रिल-मे महिन्यांत उरलेसुरले मासे त्या डोहांत दाटीवाटीने जगतात आणि पहिल्या पुराबरोबर वर चढून बांध्यांत, गवताळ पाण्यात अंडी घालतात. पुढच्या वर्षाचं सगळं बियाणं त्या चार-दोन डोहांत असतं. नेमक्या त्याच वेळी कुणी त्यात कीटकनाशक ओतलं, तर लहान-मोठं सगळं एका सकाळी पांढरं पोट वर करून तरंगतं आणि तेच पाणी गुरं पितात. विष किंवा स्फोटकं वापरून मासे मारायला १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. बंदी कागदावर असली तरी डोहावर पहारा गावालाच द्यावा लागतो आणि गावाला तो हक्कही आहे: २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत मासे आणि पाणवठ्यांतली इतर उपज स्पष्ट नमूद आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांनी तो मिळवला. कोणत्या डोहात उन्हाळ्यात जाळं टाकायचं नाही, हे ठरवणं ग्रामसभेच्या हातात आहे.

एक शेवटची सूचना शाळांसाठी आणि घरांसाठी. टाकी धुवायची असेल किंवा गप्पी जास्त झाले असतील, तर बादली नाल्यात रिकामी करू नका. मासे शेजारच्या टाकीला द्या, नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रात परत करा.