तांपियेंचा मळा

दिवाळी अंकात वाइनवर लेख म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावतील. पण मी तासगावचा आहे. आमच्याकडे द्राक्ष हे आधी पीक असते, मग कर्ज, मग बेदाणा. खायचे फळ सगळ्यात शेवटी. त्यामुळे इथे बे एरियात कोणी वाइनची बाटली पुढे केली की मी विचारतो, जात कोणती आणि खुंट कोणता? पहिल्याचे उत्तर बऱ्याचदा लेबलवर सापडते. दुसऱ्याचे सहसा कोणालाच माहीत नसते.

बर्कलीला कर्मिट लिंच यांचे जुने वाइनचे दुकान आहे. तिथून आणलेली एक फ्रेंच लाल वाइन मला या मळ्यापर्यंत घेऊन गेली. रंग काळपट लाल, चव अशी तुरट की पिकायला आलेले जांभूळ आठवावे, आणि मागे चामड्याचा, वाळलेल्या पाल्याचा वास. हलकीफुलकी वाइन आवडणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. आठ-दहा वर्षे ठेवली तर मवाळ होते म्हणतात; आमच्या घरात ती तेवढी टिकत नाही.

बाटलीवर नाव होते ‘दोमेन तांपिये, बांदोल’. बांदोल हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे बंदर, मार्सेय आणि तुलाँ यांच्या मधले. मागच्या टेकड्यांवर दगडी ताली घालून पायऱ्यापायऱ्यांची शेती केलेली आहे. इथली खरी जात मूर्वेद्र. पिकायला फार उशीर लावणारी, भरपूर ऊन मागणारी, जाड सालीची. तिचे तोंड समुद्राकडे आणि पाय ओलाव्यात हवेत, असे तिकडचे शेतकरी म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षबागा फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळांपासून खाल्ल्या. कीड अमेरिकेतून आलेली, आणि उपायही अमेरिकेतूनच आला: अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच जातीचे कलम. पण मूर्वेद्रचे कलम सहजी साधेना. शेतकऱ्यांनी तिचा नाद सोडला आणि भरपूर माल देणाऱ्या जाती लावल्या. ज्याला पोट आहे तो दुसरे काय करणार?

१९३६ मध्ये मार्सेयच्या एका चामड्याच्या व्यापाऱ्याच्या मुलीचे, लुसी तांपियेचे, लुसियाँ पेरो या तरुणाशी लग्न झाले. सासऱ्यांनी जावयाला घरच्या मळ्याची एक जुनी बाटली पाजली. किडीच्या आधीची, मूर्वेद्रची. त्या एका बाटलीने लुसियाँचे आयुष्य ठरवले. १९४० मध्ये जोडपे सासऱ्यांच्या मळ्यावर राहायला आले. दुसरे महायुद्ध सुरू होते, फ्रान्स पडला होता, आणि हा गृहस्थ शेजाऱ्यांना सांगत फिरत होता की जास्त पिकणाऱ्या वेली काढा आणि कमी पिकणारी, उशिरा पिकणारी मूर्वेद्र लावा. १९४१ मध्ये ‘बांदोल’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. मूर्वेद्रचा वाटा मात्र नियमात हळूहळू वाढवत न्यावा लागला. आज लाल बांदोलमध्ये ती निदान निम्मी हवी आणि वाइन किमान १८ महिने लाकडी पिंपात राहायला हवी. पेरोंनी १९४३ मध्ये गुलाबी वाइन बाटलीत भरली. पहिल्या लाल वाइनसाठी १९५१ उजाडले.

हे सगळे मी फोनवर आण्णांना सांगत होतो. आण्णा माळकरी आहेत, बाटलीत त्यांना रस नाही. त्यांनी विचारले, “एकरी माल किती?” मी हिशेब केला. बांदोलला हेक्टरी ४० हेक्टोलिटरची मर्यादा आहे, म्हणजे एकरी साधारण दोन टन द्राक्षे. त्यात यंत्राने काढणीला बंदी, सगळे हाताने.

“दोन टन? मग ती माणसं खात्यात काय?”

आमच्याकडे एकरी दहा-बारा टन निघाले तरी औषधे आणि मजुरी भागवताना जीव जातो. पण खुंटाची गोष्ट आण्णांना लगेच पटली. खारे पाणी आणि दुष्काळ यांमुळे आपल्याकडच्या बागाही डॉगरिज खुंटावर गेल्या, आणि डॉगरिज अमेरिकनच. म्हणजे त्या बांदोलच्या वेलीचे आणि आमच्या वेलीचे माहेर एकच निघाले.

पेरोंना सात मुले झाली. लुसीला सगळे ‘लुलू’ म्हणत. मळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला त्या जेवायला बसवत. चुलीत द्राक्षाच्याच छाटलेल्या काड्या, त्यावर मासे नाहीतर बकरीचे मांस. तासगावला बंबात याच काड्या जातात, हे सांगायला हवे. लेखक रिचर्ड ओल्नी यांनी लुलूंच्या स्वयंपाकावर १९९४ मध्ये एक पुस्तकच लिहिले, आणि बर्कलीच्या ‘शे पनीस’ या प्रसिद्ध खानावळीच्या ॲलिस वॉटर्स त्यांना गुरुस्थानी मानत आल्या. लुसियाँ १९९६ मध्ये गेले; लुलू २०२० मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी. (आमच्या घरी ही वाइन तांबड्या रश्शाबरोबर पिऊन पाहिली. रश्श्यापुढे तिचे काही चालले नाही. सुक्या मटणाबरोबर मात्र छान जमली.)

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो पुढच्या भागाने. सातांपैकी फ्रांस्वा मळा बघत आणि जाँ-मारी वाइन. ते थकल्यावर, २००० मध्ये, कुटुंबाने दानिएल राविए नावाच्या बाहेरच्या जाणत्या माणसाच्या हाती कारभार सोपवला. मालकी घरात ठेवली, तुकडे पाडले नाहीत. मिगुआ, तुर्तीन, काबासाऊ या टेकडीवरच्या तुकड्यांच्या वाइन आजही त्याच नावांनी निघतात.

आमची चार एकर बाग आहे. मी इथे, धाकटा पुण्यात, बहीण बंगळूरला. आण्णांचे गुडघे गेले आहेत. विकायची की तोडायची, एवढीच चर्चा दोन वर्षे चालली होती. गावातल्या एका ॲग्री झालेल्या मुलाने वाट्याने मागितली तेव्हा आण्णा ठाम नाही म्हणाले होते: परका माणूस बागेत नको. तांपियेंचे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या राविएला पगार की वाटा?” मला माहीत नव्हते. “तेच तर महत्त्वाचं असतंय,” म्हणाले.

शेवटी आम्ही तिघा भावंडांनी आणि त्यांनी मिळून वाट्याचा कागद केला, तीन वर्षांचा. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ऑक्टोबर छाटणी उरकलेली असेल. यंदा ती त्या मुलाने केली. आण्णा बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक काडीवर किती डोळे राखले ते मोजतात.