आप्त कोणाला म्हणायचं?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, एवढी शिकलेली माणसं कटकारस्थानाच्या गोष्टींवर विश्वास ठेवतात तरी कशी?" त्यावर आज आपण एकच प्रकरण पाहू, आणि तेही व्हॉट्सअ‍ॅपच्या फार आधीचं.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग जाहीर झाला. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. तिथं नेलेला माणूस परत येत नाही, अशी बोलवा होती. राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं, म्हणून तिचा राग शमवायला रुग्णांचे अवयव काढून विलायतेला धाडतात, असंही लोक बोलत.

आता आपण हसतो. पण थांबा. नेलेला माणूस परत येत नाही, हे बरंचसं खरंच होतं! प्लेगवर औषध नव्हतं आणि बहुतेकांना नेलं जाई तेच अगदी शेवटी. म्हणजे निरीक्षण बरोबर, अनुमान चुकलं. कार्ल पॉपर यांनी १९४५ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं: समाजात जे वाईट घडतं ते कुणीतरी घडवून आणलेलंच असणार, असं आपण धरून चालतो.

पण एवढ्यावर भागत नाही. आपल्याला ठाऊक असलेल्या शंभरातल्या नव्वद गोष्टी आपण दुसऱ्याच्या शब्दावरच घेतलेल्या असतात. प्लेगचा जंतू आम्ही तरी कुठे पाहिलाय? न्यायदर्शनात याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि ज्याचा शब्द घ्यायचा तो आप्त. वात्स्यायन सांगतात की आप्ताला विषय प्रत्यक्ष कळलेला हवा, आणि कळलं तसंच सांगायची इच्छाही हवी. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असंही ते म्हणतात. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. गोरा डॉक्टर म्लेच्छ आहे म्हणून त्याचा शब्द टाकता येत नाही.

मग लोकांनी टाकला का? पहिली अट तो पुरी करत होता, दुसरीबद्दल शंका होती. १८९७ च्या मार्चपासून पुण्यात रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत शिरले, सामान जाळलं, बायकांची तपासणी झाली. जो माझ्या देवघरात बुटांनी शिरतो तो माझ्या भल्याचं बोलतोय, हे मानायचं कशावरून? त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांच्याच दवाखान्यात रुग्ण येत होते. रोग तोच, शहर तेच.

उलट बाजूही पाहा. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल इथं लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतले. सरकारने हाफकिन यांना निलंबित केलं. दोष त्यांचा नाही, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. तोवर लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. पुढच्या वेळी आपण मुलकोवालच्या त्या बाटलीपासूनच सुरुवात करू.