चोक अप : गळा दाटून येणे



आपल्या बारामती-इंदापूर भागात कारखान्याचा पट्टा पडला की ऊसतोड कामगारांची मुलं गावी परततात. वर्गातली एक मुलगी अशीच निघाली. तिची मैत्रीण मला म्हणाली, "सर, गळा दाटून आला हे इंग्रजीत कसं म्हणायचं?" मी 'आय ॲम सॅड' सांगून मोकळा झालो. पण ते अपुरं होतं. दुःख होणं वेगळं आणि बोलायला जावं तर शब्दच न फुटणं वेगळं.

त्यासाठी फ्रेजल व्हर्ब आहे 'चोक अप'. नुसतं 'चोक' म्हणजे घास अडकून श्वास कोंडणे. 'अप' जोडलं की घशात अडकते ती भावना.

१) शी चोक्ड अप व्हाइल सेइंग गुडबाय.
निरोप घेताना तिचा गळा दाटून आला.

२) आय गेट चोक्ड अप व्हेन आय सी द पालखी.
पालखी पाहिली की माझा कंठ दाटून येतो.

म्हणजे कारण दुःखाचंच हवं असं नाही. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण किंवा बेलवाडीचं अश्वरिंगण बघतानाही असं होतं.

लक्षात ठेवा : 'अप' विसरलात तर घशात घास अडकला असा अर्थ होईल! डोळे भरून येणे म्हणजे 'टिअर अप' आणि रडू कोसळणे म्हणजे 'ब्रेक डाउन'.

मुलांना आधी विचारा, तुझा गळा कधी दाटून आला होता? मराठीत मनमोकळं सांगू द्या. इंग्रजी वाक्य मग आपोआप लक्षात राहतं. त्या मैत्रिणीला मी दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य दिलं. तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.