राजाने सोडलेली सत्ता आणि आपलं बालमंत्रिमंडळ

शाळेत आपण बालमंत्रिमंडळ निवडतो. मतदान होतं, बोटाला शाई लागते, मुख्यमंत्री ठरतो. पुढे त्याच्या हातात काय असतं? बहुतेक वेळा फक्त बिल्ला.

नागरिकशास्त्रात मी म्हणून औंधचं उदाहरण सांगते. साताऱ्याकडचं ७२ गावांचं छोटं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे तेच. जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी आपली सत्ता स्वतःहून प्रजेकडे सोपवली. राज्यघटनेसाठी गांधीजींचा सल्ला होता. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी कष्ट घेतले.

रचना खालून वर होती. गावानं पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती, तिथून विधिमंडळात प्रतिनिधी. गावचा कारभार पंचायतीकडे आणि त्यासाठी महसुलातला वाटासुद्धा. मला हाच भाग मोठा वाटतो. नुसतं मत देऊन हात रिकामे ठेवले नाहीत.

"मॅडम, तवा आपल्या नायगावात काय होतं?" पोरं विचारतातच. आपल्याकडं निजाम. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली. संघटना काढायचीच चोरी, तिथं मत कुठलं? १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. औंध त्याच वर्षी मुंबई प्रांतात विलीन झालं.

यंदा आमच्या क्रीडामंत्र्याकडं साहित्याच्या कपाटाची किल्ली दिली आहे. पहिल्याच आठवड्यात तिसरीच्या मुलींनी त्याला दोन चेंडूंचा हिशोब मागितला.