झाकल्या मुठीतलं विमानतिकीट

शुक्रवारी संध्याकाळी कोलोन-बॉन विमानतळावरून निघायचं आणि रविवारी रात्री परतायचं, एवढंच ठरलेलं आहे. कुठे जायचं ते ठरवण्याचा हक्क प्रवाशाने आपणहून विमानकंपनीला देऊन टाकला आहे. पैसे भरले की पुढच्या क्षणी स्क्रीनवर शहराचं नाव उमटतं. ते व्हिएन्ना असेल, मिलान असेल, किंवा कधी मनातही न आलेलं झाग्रेब असेल. त्यानंतर माघार नाही. जर्मनीतली स्वस्त विमानकंपनी युरोविंग्ज 'ब्लाइंड बुकिंग' या नावाने हा व्यवहार करते. मूळ कल्पना जर्मनविंग्जची. २००२ मध्ये सुरू झालेली आणि पुढे लुफ्थान्सा समूहात आलेली ही कंपनी २०२० मध्ये बंद पडली, पण तिची ही रीत युरोविंग्जकडे चालू राहिली.

लोक याला सोडत समजतात. तसं ते नाही. आधी निघण्याचा विमानतळ निवडायचा, मग एक टोपली. कुणाला समुद्रकिनारा हवा असतो, कुणाला संग्रहालयं, कुणाला रात्रभर नाचगाणं, त्याप्रमाणे टोपल्या लावलेल्या असतात आणि प्रत्येकीत कोणती शहरं आहेत ती यादी समोर दिसते. जाण्यायेण्याच्या तारखा आपल्याच. एखादं शहर अजिबात नको असेल तर जादा पैसे देऊन ते यादीतून खोडता येतं. म्हणजे अंधार पूर्ण नाही. किती अंधार परवडतो ते प्रवासी ठरवतो आणि त्यानुसार पैसे मोजतो. याच पद्धतीवर डेव्हिड पोस्ट आणि मार्टिन स्पॅन यांनी २०१४ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यात जर्मनविंग्जला या विक्रीतून जादा उत्पन्न मिळाल्याचं दाखवलं आहे. प्रवाशाला स्वस्त आणि कंपनीलाही फायदा, हे एकाच वेळी कसं जमतं, हाच या व्यवहारातला सर्वांत रंजक भाग आहे.

विमानाचं दार बंद झालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते. इंधन, वैमानिक, विमानतळाचे आकार हा खर्च तर झालेलाच असतो. मग उरलेल्या खुर्च्या सरळ स्वस्तात का विकत नाहीत? कारण तसं केलं तर कामासाठी जाणारा, दोनशे युरो द्यायला तयार असलेला प्रवासीसुद्धा भाव उतरायची वाट पाहत बसेल. अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी १९८५ मध्ये या पेचावर तोडगा काढला. पीपल एक्स्प्रेस ही अतिस्वस्त कंपनी त्यांची गिऱ्हाइकं ओढत होती. क्रँडल यांनी तितक्याच कमी भावाची तिकिटं काढली, पण त्यांना आगाऊ खरेदीसारख्या अटी लावल्या. सुट्टीवर जाणाऱ्यांना त्या चालत होत्या, धावपळीत कामाला जाणाऱ्यांना चालत नव्हत्या. एकाच विमानात दोन भाव नांदू लागले. पीपल एक्स्प्रेस मात्र १९८७ पर्यंत दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन संपली.

जर्मनविंग्जने लावलेली अट याहून कडक होती. सोमवारी सकाळी ज्याची व्हिएन्नात बैठक आहे, तो माणूस असं तिकीट कधीच घेणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इथे अक्षरशः खरं आहे. व्हिएन्नाची एक खुर्ची कुणाला तरी नाममात्र किमतीत मिळाली हे बाहेर दिसत नाही, म्हणून व्हिएन्नाचा उघडा भाव टिकून राहतो. अमेरिकेत प्राइसलाइनने १९९८ मध्ये हेच तत्त्व उलट्या बाजूने वापरलं होतं. तिथे जायचं शहर प्रवासी सांगत असे, आपला भावही तोच बोलत असे, पण विमान कोणत्या कंपनीचं आणि किती वाजताचं ते पैसे कापून गेल्यावरच कळे. जर्मन पद्धत मला त्याहून प्रामाणिक वाटते. इथे कंपनी ठाऊक असते, तारखा ठाऊक असतात आणि शक्यतांची यादीही.

पण यादीतल्या सगळ्या शहरांची शक्यता सारखी आहे असं समजू नये. कंपनीला भरायच्या असतात त्या न विकल्या जाणाऱ्या खुर्च्या. ३ ऑक्टोबरच्या जर्मन राष्ट्रीय सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आला की बार्सिलोनाचं विमान आपोआप भरतं. त्या टोपलीत हात घालणाऱ्याला बार्सिलोना मिळण्याची आशा कमीच. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी मात्र गणित बदलतं. म्हणून टोपली निवडण्याआधी एक काम करावं. त्याच तारखांना यादीतल्या प्रत्येक शहराचं साधं, उघडं तिकीट कितीला आहे ते एकेक करून पाहावं. अर्ध्या शहरांची तिकिटं उघडपणे तेवढ्याच भावात मिळत असतील, तर डोळे बांधून घ्यायचं कारण उरत नाही. अर्धा तास जातो, पण या व्यवहारातलं खरं कौशल्य त्या अर्ध्या तासात आहे.

खोडाखोडीचंही तसंच. खोडण्याचे पैसे माणसागणिक लागतात. एकट्याने एखादं शहर काढलं तर फारसं बिघडत नाही. चौघांच्या कुटुंबाने तीन-चार शहरं काढली की स्वस्ताईतला मोठा हिस्सा तिथेच गळून जातो. खूप शहरं खोडावीशी वाटत असतील तर ती टोपली आपली नव्हे, असं मानून दुसरी बघावी.

या तिकिटांची जाहिरात बराच काळ 'एका बाजूला ३३ युरोपासून' अशी होत असे. ती रक्कम किती थोडी आहे हे समजायचं तर जर्मनीतला विमानकर बघावा. जर्मनीतून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे, जवळच्या टप्प्यासाठी, मे २०२४ पासून १५ युरो ५३ सेंट कर बसू लागला. त्यावर सुरक्षा तपासणीचा आकार, विमानतळाचा आकार. एवढं वजा केल्यावर कंपनीच्या हाती जेमतेम काही युरो राहतात. मग कमाई इतर गोष्टींतून होते. सर्वांत स्वस्त भाड्यात समोरच्या सीटखाली मावेल एवढीच पिशवी नेता येते. मोठी बॅग, हवी ती खुर्ची, सगळ्याला वेगळे पैसे. शहरही स्वस्त-महाग असतं. झाग्रेबमध्ये दोन रात्री राहणं आणि झ्युरिकमध्ये दोन रात्री राहणं यांत इतका फरक आहे की तिकिटावर वाचलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत. टोपलीत एखादं महागडं शहर असेल तर तिथल्या मुक्कामाचा खर्च धरूनच हिशेब मांडावा.

याच कल्पनेला जपानने वेगळं वळण दिलं, ते मला अधिक भावतं. जपान एअरलाइन्सने डिसेंबर २०१६ मध्ये नेहमीच्या प्रवाशांसाठी एक योजना आणली. विमानप्रवासातून साठवलेल्या माइल्सपैकी, सुरुवातीला फक्त ६,००० माइल्स देऊन देशांतर्गत जाऊन-येऊन प्रवास. नेहमीच्या हिशेबाने याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त माइल्स लागत असत. चार ठिकाणं दाखवली जातात, पटली नाहीत तर दुसरी चार मागता येतात. कबूल केल्यानंतर तीन दिवसांच्या आत त्या चारांपैकी एक नाव कळवलं जातं. टोकियोचा माणूस यामुळे एरवी ज्या विमानतळाचं नावही काढणार नाही अशा दूरच्या प्रांतात जाऊन पोहोचतो. स्वस्त कंपनी पीचने २०२१ मध्ये ओसाकातल्या एका मॉलमध्ये चक्क खेळण्यांच्या कॅप्सूलचं यंत्र ठेवलं. ५,००० येन टाकायचे, गोळा बाहेर येतो, आत एका ठिकाणाचं नाव आणि तिकिटासाठी वापरायचे, भरलेल्या रकमेपेक्षा जास्त किमतीचे पॉइंट. कोविडच्या साथीच्या काळात विमानं रिकामी उडत असताना लोकांना पुन्हा घराबाहेर काढण्याची ही युक्ती तरुणांनी उचलून धरली.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. आखेन, स्टुटगार्ट, म्युनिक या शहरांत शिकायला आणि नोकरीला गेलेली महाराष्ट्रातली मुलंमुली हजारोंनी आहेत. हाती पैसा मोजका, वय हिंडण्याचं, आणि विमानतळ रेल्वेने गाठता येणारा. त्यांच्यासाठी ही सोय फारच चांगली आहे. ठरावीक चार शहरांपलीकडचा युरोप त्यांनी अशा तिकिटांवर जरूर पाहावा. पण जर्मन पासपोर्टचा मित्र ज्या बेफिकिरीने टोपलीत हात घालतो, ती भारतीय पासपोर्टला परवडत नाही. जर्मनीचं निवास परवानापत्र असलं की शेंगेन क्षेत्रातल्या, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या, इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, त्यामुळे झाग्रेब आणि स्प्लिट आता मोकळे झाले. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र या क्षेत्राबाहेर आहेत. टोपलीत लंडन, मँचेस्टर किंवा डब्लिन असेल आणि नेमकं तेच नाव निघालं, तर व्हिसा नसलेल्या भारतीयाला विमानात चढू दिलं जाणार नाही आणि तिकिटाचे पैसेही परत मिळणार नाहीत. कागदपत्रं जवळ असणं ही प्रवाशाची जबाबदारी आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करण्याचा युरोपातला हक्क विमानतिकिटाला लागू नाही, हेही लक्षात ठेवावं. खोडण्यावर पैसे खर्च करायचेच असतील तर ते अशा शेंगेनबाहेरच्या शहरांवर करावेत.

मुलांना भेटायला पुण्या-नागपूरहून गेलेल्या आईवडिलांनी याहून सावध राहायला हवं. त्यांच्याकडे पर्यटक व्हिसा असतो. तो एकदाच प्रवेश देणारा असेल आणि ते शेंगेनबाहेरच्या एखाद्या शहरात जाऊन आले, तर परत जर्मनीत शिरता येत नाही. आणि इथून निघण्याआधीच अशी गुपित सहल ठरवणं तर जमतच नाही, कारण शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात मुख्य मुक्काम आहे त्याच देशाकडे करावा लागतो आणि प्रवासाचा आराखडा त्याला जोडावा लागतो.

म्हणून पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. टोपलीतल्या प्रत्येक शहरात शिरायची परवानगी आपल्या पासपोर्टला आहे का, आणि निवास परवान्याची मुदत परतीच्या तारखेच्या पुढची आहे का. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल आणि यादीतलं सर्वांत नावडतं शहर मिळालं तरी दोन दिवस आनंदाने काढता येतील असं वाटत असेल, तर तिकीट बिनधास्त घ्या.