कुत्रा पाय वर करतो, पण लघवी होत नाही? उद्यावर ढकलू नका

यवतमाळ : राखणीचा कुत्रा सारखा पाय वर करतो, कुंथतो, पण दोनच थेंब पडतात, कधी रक्तही. घरच्यांना वाटतं, उन्ह लागलं. पण हा मुतखडा असू शकतो. नर कुत्र्याची मूत्रनळी अरुंद. ती लिंगातल्या हाडाच्या खाचेतून जाते आणि खडा बहुतेक तिथंच अडकतो. लघवी पूर्ण तुंबली, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्यामुळे लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा. पोट दाबू नका. माणसांची दुखण्याची गोळी तर अजिबात नको, ती कुत्र्याला विषासारखी ठरू शकते.

डॉक्टर नळी घालून खडा मागे मूत्राशयात ढकलतात. जंतुसंसर्गाने होणारे खडे, जे मादीत जास्त दिसतात, औषध आणि खास आहाराने विरघळू शकतात. ऑक्झलेटचा खडा विरघळत नाही, काढावाच लागतो. काढलेला खडा तपासायला द्या. पुढचा आहार त्यावरच ठरतो.

एक मात्र घरीच जमतं. शेतात दिवसभर बांधलेल्या कुत्र्याजवळ सावलीत पाण्याचं भांडं ठेवा आणि लघवीला दिवसातून तीन-चारदा सोडा.